सांधे शांत, गोळी चालू

मूठ वळली, की बोटांच्या बुडाशी चार टेकड्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामध्ये तीन दऱ्या दिसतात. स्वतःच्या हातावरच्या या दऱ्या सहसा कुणी पाहत नाही. संधिवाताचे डॉक्टर मात्र रुग्ण समोर बसला की आधी तिथेच बघतात. आमवात जागा असेल तर त्या दऱ्या सुजेने भरून आलेल्या असतात, हाताची पाठ उशीसारखी फुगते आणि मूठ अर्ध्यावर अडते.

बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेल्या अडतीस वर्षांच्या बाईंचे हात पहिल्या भेटीत असेच होते. "भाकरी थापता येईना," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी उठल्यावर दोन-दोन तास बोटं वळत नसत. पिठाच्या गोळ्यावर तळवा टेकला की कळ पार खांद्यापर्यंत जाई, म्हणून पाच महिने घरातल्या भाकऱ्या सासूबाई करत होत्या. हातातल्या काचेच्या बांगड्या सुजेत रुतायला लागल्या आणि शेवटी त्या वाढवाव्या लागल्या, हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

आठव्या महिन्यात त्या पुन्हा समोर बसल्या आणि मी काही विचारायच्या आत त्यांनी दोन्ही मुठी वळून पुढे धरल्या. दऱ्या दिसत होत्या. मी एकेक सांधा दाबून पाहिला. बोटांची पेरं, मनगटं, कोपर, खांदे, गुडघे. दाबताना माझी नजर सांध्यावर नसते, रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. तोंडाने "नाही दुखत" म्हणणारा माणूस भुवईने खरं सांगतो. त्यांची भुवई कुठेच हलली नाही. रक्ताचे रिपोर्टही चांगले होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो माझ्या ओपीडीत रोज कुणी ना कुणी विचारतं : "म्हणजे आता मी बरी झाले ना? गोळ्या बंद करायच्या?"

या प्रश्नाला उत्तर देताना मराठी थोडी अडचण करते. टायफॉइड बरा होतो, मोडलेलं हाड बरं होतं, सर्दीही बरी होते. सगळ्यांना शब्द एकच. पण आमवात ज्या अर्थाने 'बरा' होतो तो अर्थ वेगळा आहे. वैद्यकात त्याला रेमिशन म्हणतात. आजाराची आग विझलेली असते, सांधे झिजायचे थांबलेले असतात, माणूस पूर्ववत कामाला लागलेला असतो, पण आजाराची खोड शरीराच्या स्मरणात शिल्लक असते. मी रुग्णांना "आजार शांत आहे" असं सांगते. शांत आणि संपलेला यांमधलं अंतर समजावून सांगणं हा माझ्या कामाचा, औषध लिहून देण्याइतकाच मोठा भाग आहे. तो भाग चुकला तर काय होतं तेही मी पाहिलंय. ते पुढे येईल.

आमवात हा ऑटोइम्यून आजार. शरीराची रक्षण करणारी यंत्रणा परक्या जंतूंऐवजी आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी अशा स्वतःवरच्या हल्ल्याच्या धास्तीला 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असं नाव दिलं होतं. स्वतःलाच विष देण्याची शरीराला धास्ती असते, असा त्याचा आशय. पुढच्या पिढीने त्याचा अर्थ 'असं घडूच शकत नाही' असा घेतला आणि कित्येक वर्षं या दिशेने फारसं कुणी पाहिलंच नाही. आज असे ऐंशीहून अधिक आजार मोजले जातात. आमवात, ल्युपस, सोरायसिस, ग्रेव्हजचा थायरॉइड, लहानपणी होणारा टाइप 1 मधुमेह, सीलिअॅक, मल्टिपल स्क्लेरोसिस. सगळ्यांचं मूळ एका जातीचं असलं तरी शांत होण्याची रीत प्रत्येकाची निराळी आहे. "ऑटोइम्यून आजार जातो का?" असा सरसकट प्रश्न केला तर उत्तर चुकीचंच मिळणार. कुठला आजार, किती जुना, आणि इलाज किती लवकर सुरू झाला, हे आधी सांगावं लागतं.

आमवात शांत होऊ शकतो हे वैद्यकाला कळलं ते एका काविळीमुळे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे, तिथलं मेयो क्लिनिक प्रसिद्ध आहे. 1 एप्रिल 1929 रोजी तिथे फिलिप हेंच या तरुण डॉक्टरांना पासष्ट वर्षांच्या एका रुग्णाने, जो स्वतःही डॉक्टर होता, एक विलक्षण गोष्ट सांगितली. त्याला वर्षानुवर्षांचा आमवात होता. मध्येच कावीळ झाली आणि दुसऱ्याच दिवसापासून सांधे दुखायचे कमी झाले. कावीळ चार आठवड्यांत गेली, सांधे मात्र कित्येक महिने शांत राहिले. दुसऱ्या एखाद्याने योगायोग म्हणून ही गोष्ट सोडून दिली असती. हेंच यांनी ती धरून ठेवली. काविळीत सांधे सुधारलेले आणखी रुग्ण त्यांनी जमवले. मग गरोदर बायका त्यांच्या लक्षात आल्या : पोटात मूल असताना आमवात कमी होतो आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत उलटतो. आपल्याकडच्या अनेक आयाबायांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. "पोटुशी होते तेव्हा हात एकदम छान होते, बाळ तीन महिन्यांचं झालं आणि पुन्हा धरले," हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं असेल याची मोजदाद नाही.

या दोन निरीक्षणांतून हेंच यांनी काढलेला निष्कर्ष मला आजही थरारून टाकतो. त्या काळी आमवात म्हणजे एकाच दिशेने जाणारा, हाडं वाकवत नेणारा आजार, अशी ठाम समजूत होती. हेंच म्हणाले, जो आजार एका काविळीने मागे फिरू शकतो तो मुळात मागे फिरण्याजोगा आहे. शरीरातच असं एखादं द्रव्य असलं पाहिजे, जे त्याला फिरवतं. ते सापडेपर्यंत त्याला नाव दिलं 'सबस्टन्स एक्स'. त्याच संस्थेत रसायनतज्ज्ञ एडवर्ड केंडल मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींमधून एकेक द्रव्य वेगळं काढत होते. त्यांतलं 'कंपाउंड ई' वापरून बघायचं दोघांनी ठरवलं. पण ते पुरेसं हातात यायला अनेक वर्षं गेली, मध्ये महायुद्ध होऊन गेलं.

21 सप्टेंबर 1948 रोजी इंडियाना राज्यातून आलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या एकोणतीस वर्षांच्या बाईला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवसांत कूस सहज बदलता येऊ लागली. आठवडा होतो न होतो तोच ती गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली. 1950 साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. कंपाउंड ई म्हणजेच कॉर्टिझोन, आजच्या सगळ्या स्टेरॉइड औषधांचं थोरलं भावंड.

आनंद फार टिकला नाही. डोस मोठे होते. रुग्णांचे चेहरे चंद्रासारखे गोल झाले, हाडं ठिसूळ झाली, साखर चढली, काहींचा मनाचा तोल गेला; आणि इंजेक्शन थांबवलं की सांधे पुन्हा पहिल्यासारखे. आजार शांत होऊ शकतो हे सिद्ध झालं होतं, पण शांतता विकत घ्यायची किंमत परवडणारी नव्हती. आजही आम्ही स्टेरॉइड वापरतो, ते बहुतेक वेळा पुलासारखं : मुख्य औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर कमी डोस, थोडे दिवस.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. नाव नसलेल्या पुड्या आणि लेबल नसलेल्या डब्यांतल्या गोळ्या घेऊन "वात पळाला" म्हणणारे रुग्ण दर महिन्याला माझ्याकडे येतात. चार दिवसांत चमत्कार झालेला असतो. त्यांचे सुजलेले गाल, पोटावरचे जांभळे पट्टे आणि कागदासारखी पातळ त्वचा बघितली की त्या पुडीत काय होतं ते कळतं. 1948 सालचा तोच चमत्कार, न सांगता, न मोजता दिलेला. अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. म्हणून असे रुग्ण आले की मी रागावत नाही. पुडी पुढे ठेवा, एवढंच सांगते.

ज्या औषधाने आमवाताचं चित्र खऱ्या अर्थाने बदललं त्याची पाळंमुळं एका भारतीय माणसापर्यंत जातात. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख होते. फॉलिक अॅसिडच्या उलट काम करणारी द्रव्यं त्यांच्या चमूने बनवली. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी त्यातलं अमिनोप्टेरिन रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिलं आणि त्या मुलांत काही काळाचं रेमिशन आलं. ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते वर्षही 1948. त्याच वर्षी सुब्बारावांचं निधन झालं. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातलं औषध. आमवातात अगदी थोड्या डोसमध्ये, आठवड्यातून फक्त एकदा ते चालतं, हे चाचण्यांनी पक्कं व्हायला 1985 उजाडलं, आणि अमेरिकेत त्याला आमवातासाठी परवानगी मिळाली 1988 मध्ये.

मेडिकलच्या दुकानात किंवा इंटरनेटवर "ही तर कॅन्सरची गोळी" असं कळलं की निम्मे रुग्ण दचकतात. कर्करोगासाठी देतात तो डोस आणि आमवाताचा साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅमचा डोस यांत प्रचंड फरक आहे. गर्भधारणा ठरवायच्या आधी हे औषध डॉक्टरांना विचारून बंद करावं लागतं, ते चालू असताना दोन-तीन महिन्यांनी रक्त आणि यकृत तपासावं लागतं, दारू टाळावी लागते. त्याची खरी भीती एकाच ठिकाणी आहे : आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात आणि जीव जाऊ शकतो. म्हणून मी चिठ्ठीवर नुसतं 'आठवड्यातून एकदा' लिहून थांबत नाही, वार लिहिते. बार्शीकडच्या त्या बाईंना विचारलं, गावाचा बाजार कधी? "गुरुवारी." मग गोळी गुरुवारी. बाजारची पिशवी उचलली की गोळी आठवते. जोडीची फॉलिक अॅसिडची गोळी शनिवारी. बाजाराचा दिवस कुणी सहसा विसरत नाही आणि आठवड्यात दोन बाजार भरत नाहीत.

मेथोट्रेक्सेट एकटं पुरत नाही तेव्हा पुढची औषधं आहेत. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी सांध्यांतल्या आगीला हवा घालणारा टीएनएफ नावाचा निरोप्या रेणू हेरला. 1992 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांना त्याविरुद्धचं प्रतिपिंड टोचलं. बायोलॉजिक म्हणतात ती औषधं तिथून सुरू झाली. आपल्याकडे ती द्यायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी केल्याशिवाय मी पुढे जात नाही, कारण टीएनएफ दबला की शरीरात कोंडून ठेवलेला क्षय मोकाट सुटू शकतो. आपल्या देशात असा कोंडलेला क्षय कित्येकांच्या छातीत असतो.

पण सगळ्यात मोठा धडा कुठल्या नव्या औषधाने दिला नाही. ग्लासगोमध्ये एक साधी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण 110. औषधं जुनी, सगळ्यांना माहीत असलेली. निम्म्यांना नेहमीसारखं, काही महिन्यांच्या अंतराने तपासलं. उरलेल्यांना दर महिन्याला बोलावलं, सांधे मोजले, आकडा ठरलेल्या रेषेच्या वर असेल तर त्याच भेटीत डोस वाढवला किंवा औषध बदललं. दीड वर्षाने नेहमीच्या गटात 16 टक्के रुग्ण रेमिशनमध्ये होते, दर महिन्याच्या गटात 65 टक्के. औषधं तीच होती. फरक होता तो मोजण्याचा आणि थोडक्यात समाधान न मानण्याचा. "पहिल्यापेक्षा बरं आहे ना, मग राहू दे" या वाक्याने आमच्या क्षेत्रात जितके सांधे वाकले असतील तितके कशानेच नसतील. रुग्ण ते सोशिकपणाने म्हणतो, डॉक्टर गर्दीच्या घाईत मान्य करतात.

शांत म्हणजे किती शांत, याचंही माप आहे. 2011 साली अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून ते ठरवलं. अठ्ठावीस सांधे तपासायचे. त्यांतला दुखरा एकाहून जास्त नको, सुजलेला एकाहून जास्त नको, रक्तातला सूज दाखवणारा सीआरपी एकाच्या आत हवा. आणि चौथी अट रुग्णाची : शून्य ते दहा या पट्टीवर "आज तुमचा आजार किती?" याचं उत्तर दोन किंवा त्याहून कमी (2022 पर्यंत ही मर्यादा एक होती). ही चौथी अट मला फार महत्त्वाची वाटते. रिपोर्ट छान, सूज नाही आणि रुग्ण मात्र "चार" म्हणतो, असं कितीदा तरी होतं. कधी झोप नसते, कधी रक्त कमी असतं, कधी घरातली काळजी असते. आजार शांत झाला की नाही हे ठरवताना ज्याचं शरीर आहे त्याला मत असावं, हे वैद्यकाने नियमातच लिहून ठेवलं, याचा मला अभिमान वाटतो.

लवकर इलाज सुरू झाला तर शांतता येण्याची आणि टिकण्याची शक्यता वाढते. लक्षणं दिसू लागल्यापासूनचे पहिले काही महिने सोन्याचे असतात. एकदा हाड कुरतडलं गेलं की औषध आग विझवतं, हाड परत देत नाही. आपल्याकडे हे महिने कुठे जातात? पुणे जिल्ह्यात उजनीच्या पाण्याकाठी भिगवण आहे, रोहित पक्ष्यांसाठी लोक तिथे जातात. 1996 मध्ये डॉ. अरविंद चोपडा यांच्या चमूने तिथे घरोघर फिरून चार हजारांहून अधिक प्रौढांना सांध्यांबद्दल विचारलं. आमवात सुमारे अर्धा टक्का लोकांत सापडला. दोनशे माणसांत एक. गावच्या जत्रेतल्या गर्दीत कितीजण असतील याचा अंदाज यावरून करता येतो. त्यांतले बरेचजण आधी मलम लावतात, मग वेदनाशामक गोळ्या घेतात, मग कुणी सांगितलेलं तेल, मग पुडी, मग उपवास. त्या त्या वेळी त्यांना दुसरं काही माहीत नसतं. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडतात, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, आणि हे सहा आठवडे चाललंय, एवढं कळलं तरी पुरे. अशा माणसाने थांबू नये.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे. सांधे शांत झाल्यावर गोळ्या थांबवल्या तर काय होतं?

डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक तरुण शिक्षिका मला विसरता येत नाही. वर्षभरात तिचा आमवात पूर्ण शांत झाला. मी आनंदाने म्हणाले, "छान, तुझा आजार गेलाय." मला म्हणायचं होतं रेमिशन, तिने ऐकलं ते मी बोलले तेच. तिने गोळ्या बंद केल्या. तीन महिने काही झालं नाही, त्यामुळे तिची खात्री पटली. पाचव्या महिन्यात सांधे उसळले. माझ्यावर विश्वास होता म्हणून ती आधी मानायलाच तयार नव्हती की हा तोच आजार आहे; ती आणखी आठ महिन्यांनी आली. तेव्हा डाव्या मनगटाच्या एक्स-रेत हाडाला नवे खड्डे पडलेले होते. आजार पुन्हा शांत झाला. मनगट पूर्वीसारखं कधीच वळलं नाही. त्या मनगटाला माझं एक वाक्य कारण आहे. तेव्हापासून 'गेला' हा शब्द मी वापरत नाही.

जर्मनीत एर्लांगन विद्यापीठाच्या पुढाकाराने याच प्रश्नावर काळजीपूर्वक अभ्यास झाला. निदान सहा महिने रेमिशनमध्ये असलेले रुग्ण घेतले आणि तीन गट केले. औषध तसंच चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात पाचांतले चार शांत राहिले. डोस निम्मा केलेल्यांपैकी साधारण साठ टक्के. आधी निम्मा करून मग पूर्ण बंद केलेल्यांपैकी निम्म्याहून थोडे कमी. हे आकडे दोन्हीकडून वाचता येतात. बंद केलं की निम्म्याहून अधिक लोकांचा आजार परततो, हे खरं. पण एवढ्या चिवट आजारात जवळजवळ निम्मे लोक औषध थांबवूनही वर्षाच्या शेवटी शांत होते, हेही तितकंच खरं, आणि हेंचच्या काळात यावर कुणी विश्वास ठेवला नसता. कुणाचा परततो याचा थोडा अंदाज बांधता येतो. रक्तातलं अँटी-सीसीपी प्रतिपिंड जोरात असेल, आजार उशिरा आटोक्यात आला असेल, बिडी-सिगारेट चालू असेल, तर मी बंद करायची भाषा टाळते. वर्षभर पूर्ण शांतता असेल तर डोस पायरीपायरीने उतरवते आणि प्रत्येक पायरीवर तीन महिने थांबते. बहुतेकांच्या बाबतीत एक लहानशी पायरी शेवटपर्यंत राहते.

दुसऱ्या आजारांत हिशेब बदलतो. सीलिअॅकमध्ये गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडी सुजतात आणि ग्लुटेन कायमचं सोडलं की आतडी सहसा पूर्ववत होतात. गोळी लागत नाही. हे उमगलं हॉलंडमध्ये. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला आणि बाकी मुलं खंगत असताना सीलिअॅकची मुलं सुधारली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसतं, म्हणून मराठी घरातल्या सीलिअॅकच्या मुलाला निदान जेवणाचं ताट परकं होत नाही. ग्रेव्हजच्या थायरॉइडमध्ये वर्ष-दीड वर्ष गोळ्या घेऊन थांबवल्या तर साधारण निम्म्यांचा आजार परत येतो, निम्म्यांचा येत नाही.

टाइप 1 मधुमेहाबद्दल मात्र बजावून सांगायला हवं. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही मुलांची साखर काही महिने इतकी सुधारते की डोस अगदी नाममात्र राहतो. डॉक्टर त्याला 'हनिमून' म्हणतात. आईबापांना वाटतं, देवाने ऐकलं, किंवा अमुक काढ्याने गुण आला. त्या काळात स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी काम करत असतात, आणि हल्ला चालूच असतो. इन्सुलिन बंद केलं तर मूल बेशुद्धीत जाऊ शकतं. इथे रेमिशन हा शब्द मुलाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून तो घरच्यांसमोर उच्चारतानासुद्धा जपावं लागतं. 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टेप्लिझुमॅब धोक्यातल्या मुलांमध्ये हा आजार उमटणं सुमारे दोन वर्षं लांबवतं. एवढ्या लहान वयात इन्सुलिनशिवायची दोन वर्षं म्हणजे खूप आहे.

आणि ल्युपस. ऐन विशीत मुलींना गाठणारा, गालांवर लाली आणणारा, मूत्रपिंडं निकामी करू शकणारा. औषधं सोडून शांत राहिलेले ल्युपसचे रुग्ण मी बोटांवर मोजण्याइतके पाहिलेत. म्हणूनच एर्लांगनहून आलेली पुढची बातमी वाचताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. मार्च 2021 मध्ये गेओर्ग शेट यांच्या चमूने कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या ल्युपसच्या वीस वर्षांच्या मुलीवर कार-टी उपचार केले. ही रीत रक्ताच्या कर्करोगाची. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांत जनुक घालून त्यांना सीडी19 ही खूण असलेल्या बी पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या जवळपास सगळ्या बी पेशी नाहीशा झाल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, पण कोऱ्या पाटीसारख्या; जुनं वैर त्यांना आठवत नव्हतं. फेब्रुवारी 2024 मध्ये याच चमूने पंधरा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यांत आठ ल्युपसचे. आठही रेमिशनमध्ये होते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सगळ्यांची बंद झाली होती.

पंधरा हा लहान आकडा आहे, आणि काही वर्षांनी काय होईल ते काळच दाखवेल. पण शांत आणि संपलेला यांमधलं अंतर पहिल्यांदाच इतकं अरुंद दिसतंय. मराठी वाचकांसाठी यात घरचा धागाही आहे. पवईच्या आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभं केलेलं नेक्सकार19 हे भारतातलं पहिलं कार-टी औषध. त्याला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, परदेशातल्या किमतीच्या सुमारे दशांशात. ते रक्ताच्या कर्करोगासाठी आहे, पण नेमही तोच, सीडी19. दशांश किंमतही लाखांत मोजावी लागते, त्यामुळे ज्वारीच्या पिकावर जगणाऱ्या घरासाठी ते अजून दूर आहे. 2025 चं वैद्यकाचं नोबेल मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं, ते शरीरात मुळातच असणाऱ्या, आपल्या रक्षकांना आवर घालणाऱ्या 'रेग्युलेटरी' टी पेशींच्या शोधासाठी. त्याच पेशी वाढवून आजार आवरता येतो का, यावर आता प्रयोग चालू आहेत. हेंचना हव्या असलेल्या 'एक्स'चं एक उत्तर तिथेही असेल.

बार्शीकडच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. चुलीचं उदाहरण दिलं, कारण त्यांच्या घरी अजून चूल आहे. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवतो, वरून चूल थंड दिसते, सकाळी फुंकर घातली की पेटते. "म्हणजे राख टाकत राहायची," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की अशी किती वर्षं. मी म्हटलं, ताई, शांततेचं वर्ष पूर्ण होईपर्यंत आहे तोच डोस. तोवर मूठ अशीच राहिली तर पंधराचा साडेबारा करून बघू, मग दहा. मध्ये सकाळी बोटं आखडली तर महिना थांबायचं नाही, फोन करायचा. त्यांनी मान हलवली, पण चेहरा थोडा उतरला होता.

शांततेचं वर्ष भरलं. सूज नव्हती, सीआरपी 0.3 होता, पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं ते शून्यावर. मी गुरुवारच्या गोळीचा डोस साडेबारा केला. चिठ्ठी घ्यायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा किणकिण ऐकू आली. आदल्या आठवड्यात कासाराकडून दोन्ही हातांत बांगड्या भरून घेतल्या होत्या, हिरव्या, पूर्वीच्याच मापाच्या. पुढची तारीख मी बुधवारची दिली होती. ती त्यांनी बदलून मंगळवारची घेतली, बुधवारी त्यांच्याकडे खळं होतं.